जनित्राचे नामकरण



स्मृतिव्याख्यानात सामान्यतः थोरांची चरित्रे, राज्यांचे उदयास्त किंवा वाङ्मयाचे प्रवाह यांचा परामर्श घेतला जातो. आज मी एका यंत्राच्या नावांचा इतिहास सांगणार आहे. वीज निर्माण करणारे यंत्र आणि त्याला फिरवणारे इंजिन यांना माणसांनी कोणती नावे दिली, ती का दिली आणि मराठीत ती कशी आली, हा तो विषय होय. शाळेच्या व्यासपीठावर तो मांडण्यास कारण आहे. बेळगावसारख्या सीमेवरच्या गावात मराठीतून शिकणारा मुलगा दहावीपर्यंत ‘जनित्र’ आणि ‘चलित्र’ हे शब्द पाठ करतो, बाजारात ‘जनरेटर’ आणि ‘मोटर’ ऐकतो, आणि पुढे तंत्रनिकेतनात गेला की इंग्रजी पुस्तक उघडतो. एकाच वस्तूच्या तीन नावांमध्ये त्याची समज कोठे अडते, हा प्रश्न भाषेच्या अभिमानापेक्षा अधिक निकडीचा आहे.

१. एकाच वर्षातील दोन घटना

१८३१ हे साल दोन कारणांसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला की तारेत क्षणभर प्रवाह वाहतो, हे त्यांनी दाखवले. ऑक्टोबरअखेर तांब्याची तबकडी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवून त्यांनी अखंड प्रवाह मिळवला. जगातील पहिले विद्युत् जनित्र ते हेच. एका घटनेने मराठीचा शब्दसाठा मोजला, तर दुसरीने जगातील सर्व भाषांवर नव्या शब्दांचे ऋण चढवले. मोल्सवर्थच्या कोशात वीज होती ती आभाळातली. तारेतल्या विजेला अद्याप नावच नव्हते.

फॅरडे लोहाराचे चिरंजीव होते. त्यांचे औपचारिक शिक्षण तुटपुंजे होते आणि ग्रीक-लॅटिनचे संस्कार त्यांच्यावर झालेले नव्हते. तथापि चुकीचे नाव चुकीचा विचार घडवते, याची जाणीव त्यांच्याइतकी फार थोड्या शास्त्रज्ञांना होती. द्रावणातून प्रवाह जाताना जी क्रिया घडते तिचे वर्णन करण्यासाठी ‘ध्रुव’ हा रूढ शब्द त्यांना खटकू लागला, कारण त्या शब्दात ध्रुवाला आकर्षणशक्ती असल्याचे गृहीत धरलेले होते. म्हणून १८३४ मध्ये त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि त्यांतून ‘ॲनोड’, ‘कॅथोड’, ‘आयन’ हे शब्द सिद्ध झाले. ॲनोड म्हणजे वर जाण्याची वाट आणि कॅथोड म्हणजे खाली उतरण्याची. पृथ्वीभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे प्रवाह वाहतो अशी कल्पना केली, तर एक टोक सूर्योदयाच्या बाजूला येईल आणि दुसरे सूर्यास्ताच्या. विजेच्या स्वरूपाविषयीची मते उद्या बदलली तरी नावे खोटी ठरू नयेत, म्हणून ह्या दोघांनी मुद्दाम तटस्थ शब्द निवडले.

मराठीत ह्याच शब्दांसाठी ‘धनाग्र’ आणि ‘ऋणाग्र’ रूढ झाले. धन आणि ऋण ह्या संज्ञा आपल्या गणितात ब्रह्मगुप्तापासून, म्हणजे सातव्या शतकापासून चालत आल्या आहेत. त्यामुळे हे शब्द विद्यार्थ्याला परके वाटत नाहीत. परंतु फॅरडेंनी जी तटस्थता राखली होती ती येथे सुटली. विलेपनाच्या पात्रात ॲनोड हे धन टोक असते, हे खरे. विजेरीचा सेल चालू असताना मात्र जस्ताचे कवच हे ॲनोड असून तेच ऋण टोक असते. ‘धनाग्र ऋण आहे’ हे वाक्य मराठीत उच्चारताच विद्यार्थी गोंधळतो. इंग्रजीत तशी विसंगती निर्माण होत नाही. परिभाषा करणाऱ्याने मूळ शब्दाचा अर्थ पाहावा लागतो, तसाच तो शब्द कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून निघाला हेही पाहावे लागते.

२. डायनामो, जंबो आणि सायकलचा दिवा

फॅरडे यांच्या तबकडीपासून डायनामो तयार होण्यास पस्तीस वर्षे लागली. १८३२ मध्ये पॅरिसच्या इपोलित पिक्सी यांनी हाताने फिरवायचे यंत्र बनवले. त्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह निघे. त्या काळी असा प्रवाह निरुपयोगी मानला जाई. आंपेअर यांच्या सूचनेवरून पिक्सी यांनी प्रवाहाची दिशा एकसारखी करणारा भाग त्यास जोडला. तोच पुढे ‘कॉम्युटेटर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हिंदी परिभाषेने त्याला ‘दिक्परिवर्तक’ म्हटले आहे. शब्द लांबलचक असला तरी भागाचे काम तो नेमके सांगतो.

ह्या आरंभीच्या यंत्रांत पोलादाचे कायम चुंबक असत आणि त्यांची शक्ती मर्यादित असे. १८६६-६७ च्या सुमारास वेर्नर सीमेन्स, चार्ल्स व्हीटस्टन आणि व्हार्ली यांना जवळजवळ एकाच वेळी एक युक्ती सुचली. यंत्रातून निघणाऱ्या प्रवाहाचाच काही भाग त्याच्या विद्युत्-चुंबकाला द्यावयाचा. लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर आरंभ होतो, प्रवाह चुंबक बळकट करतो आणि बळकट चुंबक अधिक प्रवाह देतो. जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे सीमेन्स यांचा निबंध सादर झाला. शक्ती ह्या अर्थाच्या ग्रीक ‘ड्यूनामिस’ शब्दावरून ‘डायनामो-इलेक्ट्रिक यंत्र’ हे नाव आले, आणि बोलण्याच्या ओघात त्याचे शेपूट गळून नुसता ‘डायनामो’ उरला. कायम चुंबकाच्या जुन्या यंत्रापासून नवे यंत्र वेगळे दाखवणे हे ह्या नावाचे प्रयोजन होते.

आता गंमत पाहा. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने सायकलच्या चाकाला घासून फिरणारा डायनामो पाहिला आहे. त्या चिमुकल्या बाटलीत कायम चुंबक फिरतो आणि तीतून उलटसुलट प्रवाह निघतो. म्हणजे डायनामोला डायनामो बनवणाऱ्या दोन्ही गोष्टी, स्वतःच्या प्रवाहावर जोपासलेला चुंबक आणि दिशा एकसारखी करणारा भाग, तीत नाहीत. ज्या यंत्रापासून वेगळे दाखवण्यासाठी हे नाव निघाले, त्याच जातीच्या यंत्राला ते सायकलवर चिकटले. लोकांच्या तोंडी शब्द गेला की तो व्युत्पत्तीचे ऐकत नाही. आणि तरीही ‘डायनामो लाव’ म्हटल्यावर रात्री घरी जाणाऱ्या पोराच्या समजुतीत काडीचाही घोटाळा झाला नाही.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसन यांचे वीजकेंद्र सुरू झाले. तेथील प्रत्येक जनित्र सुमारे २७ टनांचे होते आणि वाफेचे इंजिन पट्ट्याविना थेट त्याला जोडलेले होते. त्याच वर्षी लंडनहून अमेरिकेत आणलेल्या जंबो नावाच्या हत्तीने सारे शहर वेडावले होते. लोकांनी ह्या यंत्रांनाही ‘जंबो’ म्हणण्यास सुरुवात केली. प्रबंधातून येणारी नावे आणि सर्कशीच्या तंबूतून येणारी नावे एकाच यंत्राच्या अंगावर अशी सुखाने नांदत होती.

पुढे उलटसुलट प्रवाहाचे दिवस आले. रोहित्राच्या साहाय्याने त्याचा दाब चढवता-उतरवता येतो आणि वीज दूरवर नेता येते, हे सिद्ध झाल्यावर त्या प्रवाहाच्या यंत्राला ‘अल्टरनेटर’ असे स्वतंत्र नाव मिळाले. ‘डायनामो’ हा एकदिश प्रवाहाच्या यंत्रापुरता उरला आणि ‘जनरेटर’ हा दोहोंना व्यापणारा शब्द झाला. मराठी विश्वकोशाने ‘एकदिश’ आणि ‘प्रत्यावर्ती’ असे शब्द वापरले, तर शालेय पुस्तकांनी ‘दिष्ट धारा’ आणि ‘प्रत्यावर्ती धारा’. ‘एकदिश’ शब्द ऐकताच अर्थ उमगतो. ‘दिष्ट’ शिकवावा लागतो.

३. इंजिनाची नावे आणि हिशोब

जनित्र स्वतः वीज घडवत नाही. त्याला कोणीतरी फिरवावे लागते. ‘इंजिन’ हा शब्द लॅटिनमधील ‘इंगेनियुम’पासून, म्हणजे बुद्धी, कल्पकता ह्या अर्थाच्या शब्दापासून आला. युक्तीने केलेले ते इंजिन आणि ते करणारा तो इंजिनिअर. आपल्याकडे ‘यंत्र’ शब्दामागे आवरणे, ताब्यात ठेवणे हा अर्थ आहे. तिकडे शब्दाचा जोर माणसाच्या कल्पनेवर पडला, तर इकडे शक्तीला घातलेल्या आवरावर.

‘टरबाइन’ हा शब्द १८२० च्या दशकात फ्रान्सच्या क्लोद ब्युर्दँ यांनी योजला. लॅटिनमध्ये ‘टुर्बो’ म्हणजे भोवरा. त्यांचे शिष्य फूर्नेराँ यांनी पाण्यावर चालणारे यशस्वी टरबाइन बांधले. पुढे १८८४ मध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी वाफेवरचे टरबाइन जनित्राला जोडले. मिनिटाला १८,००० फेरे घेणारे ते यंत्र जेमतेम साडेसात किलोवॉट वीज देत असे. आज औष्णिक केंद्रांत जी अजस्र यंत्रे घुमतात त्यांचा पूर्वज तोच. खोपोलीला १९१५ मध्ये टाटांच्या जलविद्युत् केंद्राने घाटावरचे पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, तेव्हा ह्या पाण्याच्या भोवऱ्याची महाराष्ट्रालाही ओळख पटली.

अंतर्ज्वलन इंजिनाचे चार धावांचे चक्र निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. रूडॉल्फ डीझेल यांनी ठिणगीचा आधार सोडून दिला. हवा इतकी दाबावयाची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, हे त्यांचे तत्त्व. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. माणूस समुद्रात हरवला, आणि त्याचे आडनाव इंजिनाला व त्याच्या इंधनाला कायमचे चिकटले. ‘डिझेल संपले’ म्हणताना आपण कोणा गृहस्थाचे नाव घेतो आहोत, हे कोणाच्या मनातही येत नाही.

इंजिन आणि जनित्र एकत्र आले की मापांच्या नावांचा प्रश्न उभा राहतो. इंजिनाची शक्ती अश्वशक्तीत सांगण्याची रीत जेम्स वॉट यांनी पाडली. त्यांच्याच नावाने ‘वॉट’ हे एकक विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचवले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. जनित्र मात्र ‘केव्हीए’मध्ये विकले जाते. संस्थेसाठी यंत्र घेणाऱ्या चालकांची येथेच फसगत होते. १२५ केव्हीएचे जनित्र ०.८ शक्तिगुणकावर १०० किलोवॉट देते. १०० किलोवॉट म्हणजे सुमारे १३४ अश्वशक्ती. जनित्रातला क्षय धरला तर इंजिन १४५ अश्वशक्तीच्या आसपासचे हवे. तिन्ही आकडे एकाच जोडीचे आहेत. नावे नीट माहीत नसतील तर विक्रेता सांगेल तो आकडा आपण मोठा समजतो.

वेगाचेही तसेच. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५०. जनित्राला चार ध्रुव असतील तर प्रत्येक फेऱ्यात दोन आवर्तने होतात. म्हणून सेकंदाला २५, म्हणजे मिनिटाला १,५०० फेरे इंजिनाने घेतलेच पाहिजेत. भार वाढो वा घटो, हा वेग राखण्याचे काम गव्हर्नर करतो. ‘फेरे’, ‘ध्रुव’, ‘आवर्तन’ हे तीन साधे शब्द ज्याला कळले, त्याला हा हिशोब तोंडी करता येतो.

४. मराठीतील तीन वाटा

आता आपल्या भाषेकडे वळू. युरोपीय भाषांनी ह्या शक्तीचे नाव अंबरापासून घेतले. अंबराला ग्रीक भाषेत ‘इलेक्ट्रॉन’ म्हणतात आणि त्यावरून गिल्बर्ट यांनी १६०० साली लॅटिन विशेषण घडवले. मराठीने, तशीच हिंदी, गुजराती आणि कन्नडनेही, आभाळातल्या विजेचे नाव तारेतल्या शक्तीला दिले. ढगातली वीज आणि घर्षणाने निघणारी ठिणगी एकच, हे फ्रँकलिन यांच्या प्रयोगांनी १७५२ मध्ये सिद्ध झाले होते. म्हणजे आपल्या ‘वीज’ शब्दाच्या पोटात विज्ञानाचा एक मोठा सिद्धांत आपोआप सामावला गेला. इंग्रजी शब्दात तो नाही.

ह्या एका शब्दानंतर मात्र तीन वेगळ्या वाटा दिसतात.

पहिली वाट कारागिरांची. तिचा आरंभ ह्याच परिसरात शोधता येतो. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून बेळगावास आले. बंधू रामचंद्रराव यांच्याबरोबर त्यांनी सायकलींचा व्यवसाय केला, कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. १९४६ मध्ये ह्याच घराण्याने पुण्यात ऑईल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला. त्याआधीच १९३० च्या दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. ही इंजिने विहिरींवर बसली आणि मोटेची जागा त्यांनी घेतली.

ह्या यंत्रांबरोबर जी भाषा खेड्यात गेली ती कोशातली नव्हती. लोहाराच्या भात्याला झडप होती, पिचकारीला दट्ट्या होता. ‘व्हॉल्व्ह’ आणि ‘पिस्टन’ यांना ते शब्द सहज लागू पडले. जे नव्हते ते इंग्रजीतून आले आणि मराठी झाले. ‘रॉक ऑईल’चे ‘रॉकेल’ झाले. मोटरीची तार जळाली की ती ‘भरायला’ देतात. गादी भरावी, उखळ भरावे, तशी मोटर भरावी, हे क्रियापद कोणा समितीने सुचवलेले नाही. विजेच्या खांबावरच्या रोहित्राला शेतकरी ‘डीपी’ म्हणतो आणि ती स्त्रीलिंगी असते. ‘डीपी जळाली’ ह्या दोन शब्दांत गावाची आठवडाभराची चिंता सामावते.

दुसरी वाट संस्थानांची आणि संस्थांची. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा आग्रह असा की, कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेतूनच रसायन आणि यंत्रविद्या शिकवावी. त्यासाठी तांत्रिक ग्रंथांची माला आणि पारिभाषिक शब्दांचा संग्रह त्यांनी हाती घेतला. दादासाहेब फाळके ह्याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९३१ मध्ये बडोदे सरकारने ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश काढला. हैदराबादेत १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाने भाषांतरविभागाच्या बळावर अभियांत्रिकीसह सर्व विद्या उर्दूतून शिकवल्या. मराठवाड्यातल्या कित्येक मराठी मुलांनी विज्ञानाचे पहिले उच्च धडे त्या परिभाषेत गिरवले. १९४८ नंतर राज्य बदलले, माध्यम बदलले, आणि परिश्रमाने घडवलेले शब्द ग्रंथालयात जाऊन बसले. दोन्ही उदाहरणांवरून एकच बोध निघतो. शब्द वर्गातल्या फळ्यावर आणि कारखान्यातल्या बाकावर वापरात राहिला तर टिकतो, कोश कितीही चांगला असो.

तिसरी वाट स्वातंत्र्योत्तर कोशकारांची. १९४८ मध्ये दाते-कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ आला. ६ जुलै १९६० रोजी महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६१ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकोशाच्या संपादकांनी मध्यममार्ग पत्करला. ‘टरबाइन’, ‘एंजिन’, ‘डीझेल’ यांना त्यांनी हात लावला नाही. ‘बेअरिंग’ला ‘धारवा’, ‘फ्लायव्हील’ला ‘प्रचक्र’ असे शब्द दिले आणि ‘पिस्टन’साठी कारागिराचा ‘दट्ट्या’ उचलून घेतला. ह्यांतला ‘दट्ट्या’ अजून समजतो. ‘धारवा’ सुंदर आहे, परंतु उद्यमबागेतल्या दुकानात तो मागितला तर दुकानदार विचारात पडेल.

५. ‘इत्र’ प्रत्ययाची करामत

आता ‘जनित्र’ ह्या शब्दाकडे येऊ. संस्कृतात साधन दाखवणारा ‘इत्र’ हा प्रत्यय आहे. पाणिनीने तो मोजक्या धातूंना लावलेला आहे. खणण्याचे साधन ते खनित्र, कापण्याचे ते लवित्र, नाव चालवण्याचे ते अरित्र म्हणजे वल्हे. ‘चरित्र’ हाही त्याच घरातला. ‘जनित्र’ हा शब्द वैदिक वाङ्मयात आहे, मात्र तेथे त्याचा अर्थ उत्पत्तिस्थान असा आहे. विसाव्या शतकातील परिभाषाकारांनी त्या जुन्या शब्दाला खनित्राच्या पंक्तीत बसवले आणि ‘उत्पन्न करणारे साधन’ असा अर्थ दिला. लॅटिनमधील ‘जेनेरारे’ आणि संस्कृतातील ‘जन्’ ही मुळात एकाच भाषाकुलातील भावंडे असल्यामुळे ‘जनरेटर’ आणि ‘जनित्र’ कानालाही जवळचे वाटतात. ह्या शब्दाचे यश त्यातच आहे.

त्याच साच्यातून ‘चलित्र’ आणि ‘रोहित्र’ निघाले. ‘चलित्र’ पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे गेले नाही, कारण ‘मोटर’ आधीच घरात शिरली होती. ‘रोहित्र’ मात्र वीज मंडळाच्या पत्रव्यवहारात आणि वर्तमानपत्रांत पक्के रुजले. ‘रुह्’ म्हणजे वर चढणे. गावातले रोहित्र तर ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरापर्यंत २३० व्होल्ट आणते. म्हणजे चढवणाऱ्याच्या नावाने आपण उतरवणारे यंत्र ओळखतो, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे आणि त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

वीज गेली म्हणून दुकानात किंवा मंगल कार्यालयात जनरेटर सुरू करतात. घरची तारयोजना बाहेरच्या लाइनीपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवलेला नसेल, तर जनरेटरची वीज उलट वाटेने खांबावर जाते. तेथे तीच ‘डीपी’ उभी असते. पलीकडून ११,००० आले तर ती २३० करते, आणि अलीकडून २३० गेले तर तीच पलीकडे हजारो व्होल्ट करते. लाइन बंद आहे ह्या विश्वासाने खांबावर चढलेला वायरमन त्या दाबाला बळी पडतो. ‘रोहित्र’ हा शब्द अर्थासह शिकवलेला असेल तर विद्यार्थी म्हणेल, ‘हे चढवतेही.’ ‘डीपी’ एवढेच ठाऊक असलेल्याला तो डबा एकाच दिशेने काम करणारा वाटतो. आणि नुसते ‘रोहित्र’ पाठ करणाऱ्याला, खांबावरची डीपी म्हणजेच ते, याचा पत्ता नसतो. दोन्ही शब्द एका डोक्यात एकत्र येणे हाच येथे बचाव आहे.

‘तटस्थ तार’ ह्या संज्ञेचेही असेच आहे. ‘न्यूट्रल’ला हा प्रतिशब्द निर्दोष आहे, परंतु व्यवहारात तटस्थ म्हणजे निरुपद्रवी असा ध्वनी उमटतो. तीन फेजच्या जनित्राची न्यूट्रल तुटली तर भार कमीजास्त असलेल्या फेजांवरचा दाब विस्कटतो आणि कोणाच्या तरी घरातली यंत्रे जळतात. चालू मंडलात तुटलेल्या न्यूट्रलचे टोकही धक्का देते. शिक्षकाने ‘तटस्थ’ शब्द सांगितला की ‘पण निर्धोक नव्हे’ एवढी जोड त्याच दमात द्यावी.

६. शाळेने काय करावे

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही महाविद्यालयांना मराठीसह निवडक भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास अनुमती दिली. म्हणजे गज्जरांचा जुना प्रश्न नव्याने टेबलावर आला आहे. उद्याची पाठ्यपुस्तके कोणते शब्द घेणार? सर्व संस्कृत घेतले तर बडोद्याच्या आणि हैदराबादच्या शब्दांप्रमाणे ते कपाटात जातील. सर्व इंग्रजी ठेवले तर मराठी फक्त क्रियापदांपुरती उरेल, आणि जे समजले नाही ते समजल्यासारखे वाटत राहील. माझ्या मते कसोटी सोपी आहे. ज्या शब्दाने वस्तूचे काम उघड होते तो ठेवावा, मग तो पाणिनीच्या घरचा असो वा लोहाराच्या भात्यावरचा. ‘जनित्र’, ‘रोहित्र’, ‘दट्ट्या’, ‘झडप’, ‘एकदिश’ ह्या कसोटीला उतरतात. ‘डिझेल’, ‘टरबाइन’, ‘व्होल्ट’, ‘वॉट’ ही जगाची नावे आहेत, ती तशीच राहू द्यावीत. आणि जेथे कोशातला व बाजारातला शब्द वेगळा आहे तेथे दोन्ही एकाच धड्यात, एकाच चित्राखाली द्यावेत.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करतो. आपल्यापैकी कित्येकजण ओतशाळांत, यंत्रशाळांत, वीजकेंद्रांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत आयुष्य घालवून आले आहेत. यंत्राच्या भागांसाठी आपल्या तोंडी जे शब्द आहेत ते कोणत्याही कोशात सापडणार नाहीत. ते लिहून काढा, प्रत्येक शब्दापुढे त्या भागाचे काम एका ओळीत लिहा, आणि शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तकातला शब्द लिहावा. शंभर-दीडशे शब्दांची अशी वही तयार झाली तर सीमाभागातल्या मराठी शाळेने मराठी परिभाषेला दिलेली ती भरीव देणगी ठरेल. कानडी शेजाऱ्यांचे शब्दही तीत अवश्य यावेत, कारण ह्या गावच्या कारखान्यांत दोन्ही भाषा एकाच बाकावर काम करतात.

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचे ऋण फेडण्याचा ह्याहून साधा मार्ग मला दिसत नाही.